मऊ दाण्याचा मासा

माझ्या सासूबाई वर्षभर माझ्याशी बोलत नव्हत्या आणि त्याला कारण माशाच्या अंगातली चरबी होती. सासू-सुनेची भांडणं मिठावरून होतात, माहेरावरून होतात, आमचं भांडण रेणूंवरून होतं. माहेरी सांगितलं तर कुणाला खरं वाटेना. आई म्हणाली, "दुसरं काहीतरी झालं असेल. आठवून बघ."

दुसरं काही झालं नव्हतं.

शालन लिंबोरे या माझ्या सासूबाई. आम्ही भोई. आमच्या घरात सून सासूला आत्या म्हणते, म्हणून मीही म्हणते. आत्या संगमनेरच्या बाजारात मासे विकतात आणि विकताना कधीही "ताजा आहे" असं म्हणत नाहीत. गिऱ्हाईक पुढे आलं की त्या त्याचा अंगठा धरतात, माशाच्या पाठीवर दाबतात आणि म्हणतात, "माझ्यावर इश्वास ठिवू नका, तुमच्या अंगठ्यावर ठिवा." पडलेला खड्डा लगेच वर आला तर मासा ताजा. खड्डा राहिला तर आत्या स्वतःच तो मासा बाजूला फेकतात. बाजारातल्या बाकीच्या बायका आधी आत्यांची पाटी बघतात आणि मग खरेदी करतात. आत्यांनी नाकारलेला मासा तिथे कुणी हातात धरत नाही.

मी शर्वरी, माशांच्या आहाराची तज्ज्ञ. घोटवण धरणात आमच्या सोसायटीचे पिंजरे आहेत. लोखंडी सांगाडे, खाली जाळी आणि आत चिलापी. गावातल्या जवळपास प्रत्येक घराचा एक पिंजरा आहे, आमचाही आहे. माझा नवरा प्रतीक पिंजरे सांभाळतो आणि माशांनी काय खायचं ते मी ठरवते.

धरणाचं पाणी पूर्वी इतकं गार नव्हतं. मग वरच्या डोंगरात दुसरं तळं बांधलं. दिवसा सौरविजेवर खालचं पाणी वर चढवतात, ते उथळ तळ्यात रात्रभर थंडीत पडून राहतं आणि सकाळी शहरं जागी झाली की वीज देत पुन्हा खाली येतं. युक्ती उत्तम आहे, तिच्यावरच आमचे दिवे लागतात. तक्रार होती ती फक्त चिलापीची. हा गरम पाण्यातला मासा. पाणी गारठलं की तो दाण्याकडे ढुंकून बघत नाही आणि आणखी गारठलं की पोट वर करतो.

का, ते समजायला प्रयोगशाळा लागत नाही. थंडीतल्या सकाळी तुपाची बरणी उघडा, आत चमचा उभा राहतो. शेजारच्या करडईच्या तेलाला मात्र काही झालेलं नसतं. दोन्ही स्निग्धच, पण तुपातल्या चरबीच्या साखळ्या सरळ असतात, त्या एकमेकींना खेटून बसतात. तेलातल्या साखळ्यांना मध्येच बाक असतो. त्यांना नीट रचून बसता येत नाही, म्हणून त्या वाहत राहतात. माशाच्या प्रत्येक पेशीभोवती अशाच चरबीचं पातळ वेष्टण असतं. आपल्याही असतं, पण आपण आतून गरम असतो. मासा पाण्याइतकाच गार. पाणी गारठलं की त्याचं वेष्टण घट्ट होतं, पेशीच्या आत-बाहेरची ये-जा मंदावते, मज्जातंतू सुस्तावतात आणि मासा उपाशी तरंगत राहतो. थंड मुलखातले मासे हिवाळ्याआधी बाकदार चरबी स्वतःच तयार करतात. चिलापीला ते धड जमत नाही, म्हणून मी तिला ती जेवणातून दिली.

विशिष्ट शेवाळापासून काढलेलं तेल, गार पोटातही पचावं म्हणून लेसिथिनमध्ये, म्हणजे तेल-पाणी एकजीव करणाऱ्या पदार्थात घोटलेलं आणि दाण्यात भरलेलं. कागदोपत्री त्याचं नाव 'शीतस्निग्ध' आहे. आमच्या सोसायटीत त्याला मऊ दाणा म्हणतात, आणि हे नाव माझ्या नावापेक्षा चांगलं आहे हे मला मान्य आहे.

पहिल्याच हिवाळ्यात मऊ दाण्यानं कमाल केली. ज्या पाण्यात चिलापी निपचित पडायची, त्या पाण्यात ती दाण्यावर तुटून पडू लागली. मी हवेत होते. पौष लागला आणि मी जमिनीवर आले.

आमच्याकडे मार्गशीर्षात निम्मा तालुका मासा-मटण सोडतो. गुरुवारी घट बसतो, आणि एका वारासाठी वेगळा नियम कुठे पाळत बसायचा, म्हणून पुष्कळ घरं अख्खा महिनाच बंद ठेवतात. अमावास्या संपली की दुसऱ्या दिवशी लोक महिन्याची कसर भरून काढायला बाजारात उतरतात. आमच्या सोसायटीचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस तो, आणि नेमका ऐन थंडीतला.

त्या दिवशी आत्यांनी मोठ्या दिमाखात आमच्या पिंजऱ्यातला मासा पाटीवर मांडला. पहिल्या गिऱ्हाईक कानवडे वहिनी. आत्यांनी त्यांचा अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. दुसरा मासा, तिसरा मासा, तेच. आत्यांनी अख्खं क्रेट उचलून मागे रिकामं केलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घरचा आसला म्हून काय झालं? शिळा त्यो शिळा!"

तो मासा त्या सकाळी पाण्यात पोहत होता. मऊ चरबी फक्त वेष्टणात थोडीच राहणार, ती मांसातही उतरते आणि मांस नरम करते. शहरातल्या मोठ्या खरेदीदारांकडे ताजेपणा मोजायचं यंत्र होतं. त्यानंही माशाला पोलादी टोक टोचून 'नापास' दाखवलं. माणूस आणि यंत्र यांचं एकमत झाल्यावर माझं कोण ऐकणार?

घरी मी आत्यांपुढे दोन वाट्या ठेवल्या, एकीत थिजलेलं तूप आणि दुसरीत तेल. समजावून सांगायला तोंड उघडणार, तोच त्या प्रतीककडे वळून म्हणाल्या, "तिला सांग, मासा दिव्यात घालायचा नसतो."

त्या दिवसापासून सगळं असंच. "तिला सांग, दूध उतू चाललंय." "तिला सांग, पाव्हणे येणारेत." मी समोर, दूध समोर, आणि निरोप नवऱ्याच्या खांद्यावरून. आत्या बाहेरगावचा मासा आणून विकू लागल्या. आमच्या पिंजऱ्यातला मासा घरात शिजेनासा झाला. भोयाच्या घरात वर्षभर वरण-भात! मला राग यायचा आणि रडूही यायचं, कारण त्या बाईंचा अंगठा खोटं बोलत नव्हता आणि मीही खोटं बोलत नव्हते.

यंदा मी तोड काढली. मासा जी चरबी खातो तीच अंगात मुरवतो. तेव्हा बाजाराआधी काही आठवडे त्याला सरळ साखळ्यांची, तुपाच्या जातीची चरबी द्यायची, म्हणजे मांस आवळून येईल. याचं नाव अर्थातच कडक दाणा. मार्गशीर्ष लागला तसा आम्ही तो सुरू केला. थंडी यंदा बेताची होती, पाणी मासा सोसेल इतपतच गार होतं.

महिना अर्धा सरला तेव्हा आत्या न सांगता धरणावर आल्या. होडीतून पिंजऱ्यापर्यंत गेल्या, एक मासा काढायला लावला, दाबला. खड्डा टुणकन वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच.

"आता मासा वाटतुया," त्या म्हणाल्या. मग सरळ माझ्याकडे बघून, "बोटं गारठली माझी. च्या कर."

मी चहात इतकं आलं घातलं की प्रतीकला ठसका लागला. आत्यांनी मात्र कप संपवला आणि जाताना म्हणाल्या, "अवसंच्या दुसऱ्या दिवशी घरचाच मासा लावते. सांगते लोकांस्नी."

आणि त्यांनी सांगितलं. ओळखीच्या एकूण एक गिऱ्हाइकाला सांगितलं.

हवामानाचे अंदाज आता फार आधीच येतात आणि फारसे चुकत नाहीत. तीन दिवसांनी मोबाइलवर इशारा आला. उत्तरेकडून थंडीची लाट, ऐन अमावास्येच्या सुमारास. धरणाचं पाणी बारा अंशांच्या खाली जाणार. कडक दाण्यावरची चिलापी त्या पाण्यात वाचणार नव्हती. पेशींची वेष्टणं पुन्हा मऊ व्हायला दहा-बारा दिवस तरी लागतात, म्हणजे दाणा बदलायचा तर आजच. आणि बदलला, तर बाजाराच्या दिवशी मासा पुन्हा नरम येणार. आधीच मासा काढून विकावा, तर मार्गशीर्षात घेणार कोण?

"थोडं थांबून बघू," प्रतीक म्हणाला. आम्ही काठावरच्या शेडमध्ये उभे होतो. "लाट सरकेलही पुढं-मागं."

"आणि नाही सरकली तर? पिंजरे काय आपल्या एकट्याचे आहेत?"

"आईनं सगळ्यांना शब्द दिलाय, शर्वरी. तू पुन्हा तोच मासा तिच्या पाटीवर ठेवलास, तर ती तुझ्याशीच काय, माझ्याशीही बोलायची नाही."

"जिवंत माशासाठी ऐकून घेईन मी," असं म्हणून मी खाद्य टाकणाऱ्या स्वयंचलित होडीला मऊ दाण्याचा हुकूम दिला. मला शंका नव्हती.

प्रतीकनं होडी पहिल्या पिंजऱ्याकडे जाऊ दिली. मग म्हणाला, "आपला पिंजरा तरी कडक ठेव. एवढा एकच. आईसाठी."

मी त्याला धोका सांगितला, त्यानं तो नीट ऐकला आणि तरीही तेच म्हणाला. तो पिंजरा आमचा होता, पणाला लावायचा तर आमचा आम्ही लावायला मोकळे होतो. प्रयोगात तुलनेलाही काहीतरी लागतंच, असं काहीतरी मी बोलले. खरं म्हणजे आत्यांचा शब्द राहावा असं मलाही मनापासून वाटत होतं.

सांगायला मी एकटी गेले. आत्या अंगणात विळीला धार लावत होत्या.

"आत्या, मासा मऊ येणार. थंडी येतेय. कडक ठेवला तर मरेल."

त्यांचा हात थांबला. "कितपत मऊ?"

"गेल्या वर्षीसारखाच. आपल्या पिंजऱ्यातला तेवढा कडक ठेवलाय, तो वाचला तर वाचला."

"मंग मी लोकांस्नी काय सांगू? दाबू नका म्हणू?" त्या उठून उभ्या राहिल्या. "आजवर म्या कुणाला ताजा हाय म्हून सांगितलं न्हाय. त्यांचा अंगठाच त्यांना सांगतो. आता त्या अंगठ्याचं तोंड दाबू व्हय? माझा शब्द देऊन झाल्यावर तू परस्पर ठरीवतीस!"

"मासे मरू देऊ का मग?"

प्रतीक घरात नव्हता, म्हणून त्या मांजराकडे वळल्या. "तिला सांग, माझं बोलून झालं."

लाट अंदाजाप्रमाणेच आली. अमावास्येच्या सकाळी काठावरचं गवत पांढरं झालं होतं आणि होडीचा दोर हाताला टोचत होता. मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचं तापमान बाराच्याही खाली. खाद्याची होडी पहिल्या पिंजऱ्यापाशी गेली, दाणे पाण्यावर पडले. काहीच हललं नाही. मग एक शेपटी दिसली, मग चार, आणि एकदम सगळं पाणी खळबळून उठलं. एवढ्या थंडीत चिलापी जेवत होती! मी होडीत उभी राहून ओरडले, प्रतीकनं मला धरलं नसतं तर पाण्यातच गेले असते. पुढच्या पिंजऱ्यात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. जगात कुणी या माशाला असल्या पाण्यात जेवताना पाहिलं नसेल, आणि मी रोजच्या स्वेटरमध्ये, दात वाजवत ते बघत होते.

शेवटचा पिंजरा आमचा. तिथे दाणे तसेच तरंगत राहिले. दाण्यांच्या मधून पांढरी पोटं दिसत होती.

प्रतीक होडीत खाली बसला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

काठावर आलो तर आत्या उभ्या. थंडीनं घरात चैन पडलं नाही म्हणून पहिल्याच टेंपोनं आल्या होत्या. प्रतीकनं आमच्या पिंजऱ्यातला एक मेलेला मासा त्यांच्यापुढे फळीवर ठेवला. आत्यांनी सवयीनं अंगठा दाबला. मासा टणक. खड्डा पडताक्षणी वर आला.

"दुसऱ्या पिंजऱ्यातला आण," त्या म्हणाल्या.

प्रतीकनं जाळीतून एक तडफडती चिलापी आणली. आत्यांनी तिच्या डोक्यावर लाकूड मारलं, शेजारी ठेवली आणि दाबली. खड्डा पडला. तसाच राहिला.

"मेला त्यो कडक आन जित्ता त्यो मऊ," आत्या हळूच म्हणाल्या. स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला माझा वर्षभराचा राग आठवेना. बाजारात ज्या अंगठ्यावर सगळे विसंबतात, त्यानं त्यांच्या देखत मेलेल्याला उजवा कौल दिला होता.

मग त्यांचा सगळा राग प्रतीकवर निघाला. "एवढा पिंजरा कुणासाठी ठिवला रं? म्या मागितला व्हता? बायको सांगती मरंल म्हून, तर ऐकू येत न्हाय तुला? आईचा शब्द राखतोय म्हणं! आईला इचारलंस?" बराच वेळ चाललं. प्रतीक खाली मान घालून उभा होता आणि मी त्याची बाजू घ्यावी की आत्यांची, या विचारात होते.

बोलून दमल्यावर आत्या पुन्हा फळीकडे वळल्या आणि थबकल्या. "हात कुणी लावला?"

कुणीच लावला नव्हता. मऊ माशाच्या पाठीवरचा खड्डा नाहीसा झाला होता.

"पुन्हा दाबा," मी म्हटलं. आम्ही तिघं त्या माशावर वाकलो. खड्डा पडला. सुरुवातीला काहीच नाही, मग कडेकडेनं, अगदी सावकाश, तो भरून आला. मी धावत जाऊन बर्फाच्या पेटीतले माझे जुने नमुने आणले. तेही मऊ दाण्याचेच, पण खरोखर शिळे. त्यांच्यावर दाबलं आणि थांबलो. खड्डा होता तिथेच. आणखी थांबलो, तरी तिथेच.

मग मला उलगडलं. मांसाच्या धाग्यांत ताजेपणी एक ताण असतो, तोच खड्डा वर उचलतो. मऊ चरबी त्याला घाई करू देत नाही, एवढंच. शिळ्या माशात तो ताणच उरलेला नसतो. यंत्र डोळ्याची पापणी लवेपर्यंत बघतं आणि निकाल देतं. अंगठ्यालाही तीच सवय, कारण आजवर आमच्या बाजारातल्या माशाला उठायला वेळ लागलाच नव्हता.

मी हे सगळं आत्यांना सांगितलं. या वेळी त्यांनी मध्ये कुणाला घातलं नाही. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "किती दम धरायचा?"

"चार इकडच्या-तिकडच्या गोष्टी बोलून होतील इतका."

"मंग ते माझ्यावर सोड," आत्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आमचा मासा पाटीवर लागला. बाजारात ही गर्दी, आणि पुढे पुन्हा कानवडे वहिनीच. बाजूच्या बायका आपापली खरेदी थांबवून बघत होत्या. आत्यांनी वहिनींचा अंगठा धरला आणि दाबला. खड्डा पडला, राहिला.

"शालनबाई, यंदाही तेच?" वहिनींनी तोंड वाकडं केलं आणि त्या वळू लागल्या.

आत्यांनी मनगट सोडलं नाही. "अंगठा उचला, पाय उचलू नका. लेकीचं बाळतपण कुठं करताय? हितं का सासरी?"

"इथंच. सासरी कोण बघणार तिचं? अहो, पण हा मासा…"

"आन जावई? त्यो रजा काढून येणार का नुसता बारशाला?"

जावयाचा विषय निघाल्यावर वहिनी मासा विसरल्या. त्याला दोन दिवसांचीही रजा कशी मिळत नाही, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. मी मागे उभी राहून माशाकडे बघत होते.

"आता बघा," आत्या म्हणाल्या.

वहिनींनी वाकून बघितलं. पाठ सपाट होती. त्यांनी स्वतःच पुन्हा दाबलं, हात पदराला पुसत थांबल्या आणि खड्डा भरताना डोळ्यांनी पाहिला. "अगं बाई! हळू उठतो की हा!"

"सुनेचा हाय," आत्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "बर्फासारख्या पाण्यात जगलेला हाय. त्याला घाई न्हाय. पर उठतोच." मग त्यांनी बाजूच्या बायकांकडे नजर टाकली. "शिळा आसता तर तुमी सांजपर्यंत थांबला आसता तरी उठला नसता."

वहिनींनी दोन मासे घेतले. मग पाटीभोवती झुंबड उडाली. आत्यांनी कुणाचंही 'ताजा आहे का?' ऐकून घेतलं नाही, प्रत्येकाचा अंगठा दाबला आणि प्रत्येकाशी तेवढा वेळ बोलल्या. क्रेटच्या तळाशी चेंगरलेला एक मासा उठला नाही. तो त्यांनी सगळ्यांसमोर बाजूला फेकला, नेहमीसारखाच. त्यानंतर शेजारच्या बायकांनीही आमची क्रेटं मागून घेतली.

दुपारपर्यंत आत्यांचा घसा बसला. त्यांनी मला हाताला धरून आपल्या शेजारी पाटावर बसवलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "म्या कापते. तू बोल."

गिऱ्हाइकांशी काय बोलायचं ते मला कुठे येतंय? जावई-बाळंतपणं माझ्या आवाक्यातली नाहीत. म्हणून मी मला येतं ते सुरू केलं, "थंडीत तुपाची बरणी उघडली की चमचा उभा राहतो ना…" तुपापासून तेलापर्यंत पोचेस्तोवर खड्डा अचूक भरून यायचा. बाकदार साखळ्यांबद्दल ऐकायला कुणी थांबलं नाही, पण मासा प्रत्येकानं घेतला.

संध्याकाळी आत्यांनी पाटीतला शेवटचा मासा घरी आणला आणि स्वतः कालवण केलं. घरभर वास सुटला. आम्ही जेवायला बसलो. आत्यांनी डाव हातात घेतला आणि सवयीनं म्हणाल्या, "प्रतीक, तिला विचार…"

मग थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"शर्वरी, डोक्याचा घेतीस का मधला?"

"मधला," मी म्हटलं आणि ताट पुढे केलं.